चोखोबांना पुन्हा बाहेर काढू नका

संतकाव्य केवळ श्रद्धेने वाचावे, त्यात सामाजिक गाऱ्हाणी शोधू नयेत, असा उपदेश अलीकडे व्यासपीठांवरून वारंवार ऐकू येतो. या उपदेशकांनी एकदा चोखोबांकडे पाहावे. मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर राबत असता भिंत कोसळून ते गाडले गेले. परंपरा ते वर्ष १३३८ सांगते. त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर, म्हणजे देवळाबाहेरच. अभंग कीर्तनात रंगले. जातीची माणसे मात्र सहा शतके उंबऱ्यापलीकडे उभी. हीच का ती श्रद्धा?

ज्याला विठ्ठल खरा वाटतो, त्यालाच त्याच्या दाराशी होणारी अडवणूक असह्य होते. चोखोबांची तक्रार भक्तीच्या पोटी जन्मली आहे. भक्ती ठेवून तक्रार गाळणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा बाहेर काढणे होय. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले, ते भाविक म्हणूनच. त्यांना मठात जागा देणारे तनपुरे महाराजही वारकरीच होते, हे सनातन्यांनी सोयीस्करपणे विसरावे यात नवल नाही.

पण आपल्यातील बुद्धिवाद्यांचे काय? टाळकुटेपणा म्हणून त्यांनी हा वारसा टाकून दिला. ज्यांनी उचलला, ते हवी तेवढीच पाने उलटीत आहेत. पक्षाच्या अभ्यासवर्गांत चोखोबा, सोयराबाई आणि कर्ममेळा यांचे अभंग लावावेत. कर्ममेळ्याने तर बापाहूनही कठोर शब्दांत देवाला जाब विचारला आहे.