आठव्या दिवशी काय?

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे मुलींसाठी आत्मसंरक्षणाचे सात दिवसांचे शिबिर झाले. बालाघाटचा मे महिना, सभागृहात चार पंखे आणि त्यातले दोन बंद. तरीही चाळीसेक पोरी रोज सकाळी न चुकता आल्या. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रे, शाल-श्रीफळ, फोटो, अल्पोपाहार असे सगळे यथासांग झाले. मला दोन शब्द बोलायला उभे केले. मी म्हटले, "छान झालं. पण आठव्या दिवशी काय?" सगळ्या हसल्या. मागून कोणीतरी म्हणाले, "आठव्या दिवशी आराम, ताई!"

तो आराम मला अजून टोचतो आहे, म्हणून लिहिते. वाचून कोणाला राग आला तर येऊ द्या. पहिला दगड मी स्वतःवरच मारणार आहे.

माझी मुलगी नोकरीसाठी नागपूरला असते. तिथे ती ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकते. नाव ऐकून मीही आधी तोंड वाकडे केले होते. यात ठोसे-लाथा नाहीत. धरायचे, पाडायचे, दाबून ठेवायचे, सांध्याला पीळ द्यायचा नाहीतर गळा आवळायचा. समोरच्याने हाताने दोनदा थोपटले की त्या क्षणी सोडायचे. मूळ विद्या जपानची. मित्सुयो माएदा नावाचा जूडोपटू 1914 साली ब्राझीलला पोचला, त्याच्याकडून ती ग्रेसी कुटुंबात गेली आणि तिथे जमिनीवरच्या झुंजीची वेगळी कला झाली. पट्टे पाच: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा.

दोन वर्षे घाम गाळून मुलीला निळा पट्टा मिळाला. तिने फोन केला तेव्हा मी काय म्हणाले असेन? "झाला ना पट्टा? आता पुरे कर बाई." एवढ्यावर थांबले नाही. स्थळे येत होती. मुलगी पाहायला आलेल्या एका बाईंनी तिच्या मनगटावरचा काळानिळा डाग बघून विचारले होते, "हे काहून?" ते मला लागले होते. मी रोज फोनवर तेच टुमणे लावले. पोरीने चार महिने क्लास सोडला.

मग एक दिवस स्वतःच म्हणाली, "आई, मी परत जाते आहे. तू एकदा येऊन बघ, मग बोल." गोंदियामार्गे नागपूर गाठले. संध्याकाळी सातचा क्लास. सूर्यास्ताआधी जेवून आम्ही दोघी निघालो.

तिथे जे पाहिले ते कोणत्याही आईला पाहवणार नाही. तिच्यापेक्षा पंधरा-वीस किलोने जड मुलगी तिच्या छातीवर बसलेली, आणि घड्याळात पाच मिनिटे लावलेली. सरांनी मुद्दामच तिला वाईट जागेवरून सुरुवात करायला लावली होती. सुटली की पुन्हा तिथेच, खाली. मी अर्धी उठले होते. सर म्हणाले, "काकू, पांढऱ्या पट्ट्यात आम्ही डाव शिकवतो. निळ्यात पोरी अडकतात, आणि बऱ्याच जणी इथेच सोडून जातात. कारण नवीन काही मिळतंय असं वाटत नाही."

मग त्यांनी मला एक साखळी दाखवली. मुलगी पाठीवर पडलेली, समोरच्याच्या कमरेला तिच्या पायांचा वेढा. याला गार्ड म्हणतात. ती उठून बसते, त्याचे मनगट पकडून खांद्याला पीळ द्यायला जाते. तो हात पोटाशी आवळून मागे झुकला, तर ती कमरेचा धक्का देऊन त्याला उलथवते. उलथू नये म्हणून तो पुढे रेटू लागला, तर त्याची मान तिच्या काखेत सापडते. म्हणजे तो काहीही करो, तिच्याकडे पुढचे उत्तर तयार. आपल्या तालमीतले वस्ताद डाव-प्रतिडाव म्हणतात ते हेच. नवशिकीला दहा डाव येतात, पण समोरचा अडला की ती तिथेच संपते. मधल्या पायरीवरची मुलगी तीनच डाव निवडते, ते एकमेकांत गुंफते, आणि खरा जोर लावणाऱ्या माणसावर महिनोन् महिने घासते. हरते, कुठे हरले ते लक्षात ठेवते, दुसऱ्या दिवशी तेवढाच भाग पुन्हा करते. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमात निळ्यावरून जांभळ्यावर जायला मोठ्यांना साधारण दोन वर्षे तरी लागतातच. या दोन वर्षांचा फोटो निघत नाही.

आणि बायांनो, एक गोष्ट मनावर घ्या. कोणीतरी अंगावर आहे आणि आपण खाली आहोत, ही जी जागा आपल्याला स्वप्नातही नको असते, तिथूनच ही विद्या सुरू होते.

आता आमचे शिबिर आठवा. तिथे मनगट धरणारी आपलीच मैत्रीण असते, आणि ती सोडायलाच बसलेली असते. झटका दिला, सुटला हात, टाळ्या! सात दिवसांत मिळतो तो हुरूप. त्याला विद्या समजून पोरगी अंधारात निर्धास्त चालू लागली, तर तिला फसवले कोणी? आपणच.

मी हे दुसऱ्यांदा केले, हे नागपूरहून परतताना गाडीत उमगले. पहिल्यांदा स्वतःशी केले होते. बी. ए. करताना मी गाणे शिकत होते. प्रवेशिका पूर्ण झाली, मध्यमाची तयारी चालली होती, आणि लग्न ठरले. "परीक्षा दिल्यात की तीन-चार, पुरे झालं," असे घरचे म्हणाले आणि मी तंबोरा गवसणीत घातला. मध्यमा! नावच मधल्या पायरीचे. तुमच्यातल्या किती जणी तिथेच थांबल्या आहेत? कोणाचे गाणे, कोणाचे इंग्रजी, कोणाचे गाडी चालवणे. आपल्याला सुरुवात करायला कोणी अडवत नाही, उलट कौतुक होते. अडवतात ते मध्यावर, जेव्हा थोडे थोडे खरेच येऊ लागलेले असते.

समाजातून मला हमखास विचारतात, "आपला धर्म अहिंसेचा, आणि पोरीने गळे आवळायचे?" त्यांनी आपलाच धर्म नीट वाचावा. हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: आरंभी, उद्योगी, विरोधी, संकल्पी. गृहस्थाने पूर्ण सोडायची ती संकल्पी, ठरवून केलेली. स्वतःच्या आणि आश्रिताच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी, ती श्रावकाला सर्वस्वी टळत नाही. शिवाय अर्धवट शिकलेलीच घाबरून ओरबाडेल, दगड घालेल. मुरलेली मुलगी समोरच्याला न मोडता धरून ठेवू शकते. थोपटताच सोडायची सवय जिच्या हाडात मुरली, तिला संयम काय असतो ते मी काय शिकवू?

"याचा उपयोग काय?" म्हणणाऱ्यांना लांब नेत नाही. जबलपूर जिल्ह्यातली जानकीबाई दृष्टिहीन. अंध मुलींना आत्मसंरक्षणासाठी जूडो शिकवले गेले, त्यात ती शिकली. तिचा आठवा दिवस आरामात गेला नाही. 2017 साली ताश्कंदच्या स्पर्धेत तिने कांस्यपदक घेतले. आणि खाशाबा जाधव? 1948 ला लंडनमध्ये सहावे आले. मातीतला मल्ल, गादीची सवय नाही. मधली चार वर्षे घासून 1952 ला हेलसिंकीत कांस्य आणले. त्या वारीसाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्यांनी पैसा लावला तो नवशिक्यावर नाही, मध्यावर उभ्या असलेल्यावर.

घर गहाण ठेवा असे मी म्हणत नाही. शाल-श्रीफळाचा आणि मंडपाचा खर्च तेवढा वाचवा. त्यात गाद्या येतील. जिउ-जित्सूच हवे असा हट्ट नाही, जूडो चालेल, कुस्ती चालेल. पण आठवड्यातून दोन दिवस, वर्षभर, त्याच पोरी, आणि खरा जोर लावणारी जोडीदारीण. चाळीसातल्या आठ टिकल्या तरी चालतील. सत्कार करायचाच तर पहिल्या दिवशी आलेलीचा नको, दुसऱ्या वर्षी टिकलेलीचा करा.

माझी मुलगी अजून निळ्यावरच आहे. परवा फोनवर सांगत होती, अंगावर बसलेल्या त्या जड मुलीच्या खालून आता पाचातून दोनदा सुटते. मी म्हटले, "आणि तीनदा?" म्हणाली, "तीनदा खालीच असते, आई. उद्या पुन्हा जायचंय." स्थळवाल्यांना मी आता पट्ट्याचे आधीच सांगते. ज्यांना डाग खुपतो त्यांनी येऊ नये.

या मे महिन्यात शिबिर पुन्हा ठरते आहे. मला बोलायला बोलावले, तर एकच विचारीन.