समितीपुढे येण्याआधी कुटुंबाची तयारी करून घ्या : मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, महिला व बाल विकास, महाराष्ट्र राज्य, पुणे

बाल कल्याण समितीत मुलाचा निर्णय होतो त्या दिवशी आई बाहेरच्या बाकावर बसलेली असते. प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड, रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला. आत काय विचारतील, मूल घरी न्यायचे म्हटले तर काय दाखवावे लागेल, हे तिला कुणी सांगितलेले नसते. पुकारा होताच ती आत जाते आणि मान खाली घालून म्हणते, "तुम्ही म्हणाल तसं." याची नोंद पालकांची संमती म्हणून होते. आमच्या संघटनेला ही संमती मान्य नाही.

2015 चा बाल न्याय कायदा मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय मानतो. सामाजिक तपासणीला 15 दिवस आणि अंतिम आदेशाला चार महिने देतो. तेव्हा तयारीला वेळ नाही, ही सबब टिकत नाही.

म्हणून बैठकीपूर्वी बाल संरक्षण अधिकाऱ्याने एकदा तरी घरी जावे आणि तपासणी अहवालात काय लिहिले आहे ते घरच्यांच्या बोलीत समजावून सांगावे. मुलाला धोका होईल तेवढाच भाग वगळावा. दरमहा 2,250 रुपयांच्या बालसंगोपन योजनेची माहिती याच भेटीत द्यावी. पैशाअभावी मूल सोडायला निघालेली आजी हे ऐकून वेगळा विचार करू शकते. बैठकीला मामा, मावशी, ज्यांच्यावर घराचा विश्वास आहे त्यांना सोबत येऊ द्यावे. मात्र ज्याच्याविषयी तक्रार आहे तो नातेवाईक नको, आणि मुलाशी बोलणे स्वतंत्रपणेच व्हावे. तारीख ऊसतोडीच्या हंगामात पडली तर ती बदलून मिळावी. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरीही द्यावी.

न्यूझीलंडने 1989 मध्ये कुटुंबाची बैठक कायद्यातच आणली. मुलांचे निर्णय आपल्याला डावलून होतात, हे माओरी समाजाचे गाऱ्हाणे त्यामागे होते. तिथे समन्वयक बैठकीपूर्वी नातेवाइकांशी बोलतो. बैठकीत सगळी माहिती मांडून झाली की अधिकारी बाहेर जातात आणि घरची माणसे आपापसांत ठरवतात. आपल्याकडे निर्णयाचा अधिकार समितीचाच राहील, पण आदेशापूर्वी कुटुंबाला असा अर्धा तास निवांत मिळावा, अशीही आमची मागणी आहे.

घरभेट आणि अहवाल समजावणे यांसाठी कायदा बदलण्याची गरज नाही, आपले एक परिपत्रक पुरेसे आहे. ते तातडीने काढावे, ही कळकळीची विनंती.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद