हिंगोलीएवढा देश

कनेरगाव नाका, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा असा सारा हिंगोली जिल्हा धरला तरी 2011 च्या जनगणनेत माणसे भरली सुमारे 11 लाख 77 हजार. बंधू-भगिनींनो, युरोपातला एस्टोनिया हा सबंध देशच 13-14 लाखांचा आहे. 1991 साली तो सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाला, तेव्हा हाती पैसा फारसा नव्हता. शेजारच्या फिनलंडने आपले जुने टेलिफोन एक्स्चेंज फुकट देऊ केले; एस्टोनियाने ते नाकारले, असे तिथले पुढारी सांगतात. आम्हाला ही गोष्ट फार आवडते. दुसऱ्याचे उतरलेले कपडे घालून वाढलेल्या माणसाला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

1996 साली त्या देशाने ‘वाघाची झेप’ ही योजना जाहीर केली. शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट, अगदी खेड्यातसुद्धा. नुसती यंत्रे पोचवून ते थांबले नाहीत, आधी मास्तरांना शिकवले. 2003 साली स्काइपचे सॉफ्टवेअर तिथल्याच तरुणांनी लिहिले आणि दोन वर्षांत ती कंपनी 260 कोटी डॉलर्सना विकली गेली. स्काइप 2025 साली बंद झाले, पण तिथे तयार झालेल्या पोरांनी मधल्या काळात स्वतःच्या कंपन्या काढल्या होत्या.

यात जादू काही नाही. तिथे अक्षरओळख पिढ्यान्‌पिढ्यांची, टॅलिन शहरातली सायबरनेटिक्स संस्था 1960 सालची. आपल्या मराठवाड्यात बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय सुरू केले ते 1950 साली, आणि कित्येक घरांतला पहिला पदवीधर तिथूनच बाहेर पडला.

आता दाराशी काय आले पाहा. औंढ्याजवळ दुधाळ्याला ‘लायगो’ प्रयोगशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून अंतराळातल्या गुरुत्वीय लहरी टिपायच्या. 2023 साली केंद्राने त्यासाठी 2600 कोटी रुपये मंजूर केले. चांगलेच झाले. पण आपली मुले तिथे रखवालदार म्हणूनच जाणार का? कोणतेही काम हलके नाही, हे आम्ही मानतो. तरी लेसर सांभाळायला, निर्वात नळ्या तपासायला तंत्रज्ञ लागतात, आणि आज सातवीत असलेल्या मुलीला ती वाट विज्ञानाच्या तासापासूनच धरावी लागेल.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या जागा स्त्रियांच्या. पुढची बैठक कधी आहे ते मास्तरांना विचारा. संगणकाच्या खोलीची किल्ली कोणाकडे असते, तेही त्याच बैठकीत विचारून घ्या.