‘अस्मी’ कोणाच्या मालकीची?

शस्त्र कोणाच्या पैशातून घडते आणि नफा कोणाच्या पदरात पडतो, असे विचारणाऱ्यास देशद्रोही ठरविण्याची रीत पडली आहे. तरीही ‘अस्मी’ मशीन पिस्तुलाच्या निमित्ताने हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेले ९ मिलिमीटरचे हे आटोपशीर शस्त्र सार्वजनिक संस्थांचे अपत्य आहे. महूच्या इन्फंट्री स्कूलमधील लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड आणि पुण्याची शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्था यांनी ते अवघ्या चार महिन्यांत सिद्ध केले. वरचा भाग विमानाच्या प्रतीच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा. चापाचे काही भाग धातूच्या त्रिमिती छपाईने घडविलेले. नगामागे खर्च ५० हजारांच्या आत राहील, असे त्यावेळी सांगण्यात आले होते.

एप्रिल २०२४ मध्ये उत्तर कमांडसाठी ५५० पिस्तुलांची ४ कोटी २६ लाखांची मागणी गेली ती हैदराबादच्या लोकेश मशीन्स या खाजगी कंपनीकडे. नगास सुमारे ७७ हजार पडले. यात कर किती, नफा किती, याचा हिशेब जनतेपुढे आलाच पाहिजे.

सरकारी कारखान्यांत दिरंगाई होते, हा नेहमीचा युक्तिवाद. दिरंगाई होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिच्यावर उपाय काय योजला? ऑक्टोबर २०२१ मध्ये ४१ आयुध निर्माणींच्या सात कंपन्या केल्या. त्याआधी कामगारांनी संपाची हाक देताच जूनमध्ये अध्यादेशाने संपालाच बंदी घातली. मलकापूरहून भुसावळकडे जाताना लागणाऱ्या वरणगावच्या काडतूस कारखान्यातील कामगारांच्या वाट्यालाही हेच आले. कारभार सुधारण्याऐवजी कामगाराचा आवाज दाबणे, याला सुधारणा म्हणत नाहीत.

फेब्रुवारी २०१९ च्या पुलवामा हल्ल्यात बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर व लोणार तालुक्यांचे दोन जवान कामी आले. बॉम्बस्फोटापुढे कोणतेही पिस्तूल उपयोगी पडले नसते. पण देशासाठी प्राण कोणत्या घरांतून जातात, हे त्या दिवशी पुन्हा दिसले. कापूस-सोयाबीनच्या कर्जात बुडालेल्या या जिल्ह्यातील तरुण पोटासाठी आणि अभिमानाने सैन्यात, निमलष्करी दलांत जातो. त्याच्या हाती उत्तम शस्त्र असावे, याबद्दल दुमत नाही.

म्हणूनच मागणी स्पष्ट हवी: सार्वजनिक पैशातून निघालेल्या आराखड्याचे उत्पादन प्रथम सार्वजनिक कारखान्यांत व्हावे, आणि खाजगी कंपनीस दिल्यास कराराच्या अटी संसदेपुढे याव्यात. ‘अस्मी’ या नावात स्वाभिमान आहे. तो ज्यांच्या श्रमावर उभा आहे, त्यांना त्याचा हिशेब मागण्याचा हक्क आहे. कार्यकर्त्यांनी तो गावोगावी मागावा.