परवडत नाही तर खाऊ नका?

मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या भावाबद्दल कुणी तोंड उघडले की उत्तर तयार असते : "परवडत नसेल तर खाऊ नका, कोणी बळजबरी केली आहे?" आमच्या स्टाफरूममध्येही हेच. ऐकायला बिनतोड वाटते.

चैनीच्या वस्तूंचे भाव सरकारने बांधून द्यावेत असे माझेही म्हणणे नाही. चांगले अत्तर महाग असते, देवगडचा हापूस महाग असतो. पण हापूस नाही परवडला तर शेजारच्या गाडीवर पायरी मिळतो. आणि अत्तरवाला तुमच्या खिशातली कुपी दारातच काढून घेत नाही.

मल्टिप्लेक्स नेमके तेच करते. दारावर पिशवी तपासायची, घरचा डबा बाहेर ठेवायला लावायचा आणि आत दुकान एकच. याला बाजार म्हणायचे?

जुलै २०१८ मध्ये आपल्या मंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले, बाहेरचे पदार्थ नेता येतील. पुढच्याच महिन्यात सरकारने मुंबई उच्च न्यायालयात सुरक्षेचे कारण देऊन अंग काढून घेतले. (शेंगदाण्याच्या पुडीने कोणती सुरक्षा धोक्यात येते, अल्लाह जाणे.) ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता, बाहेरचे खाणे अडवण्याचा मालकाला हक्क आहे, मात्र पिण्याचे पाणी फुकट द्यावे, तान्ह्या मुलांचे खाणे आणू द्यावे. निकाल मान्य. पण कायद्यात बसते ते सगळे रास्त असते असे थोडेच आहे? नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पाण्याला शंभर आणि कॉफीला सातशे रुपये घेण्यावरून मल्टिप्लेक्सवाल्यांना सुनावलेच की.

मालक म्हणतात, तिकिटाचा मोठा वाटा वितरकाला जातो, आमचा खर्च खाण्यावरच निघतो. मग तो खर्च तिकिटातच लावा ना! घरी बसून हिशेब करता येईल, जायचे की नाही ते ठरवता येईल. तिकीट स्वस्त दाखवून आत घ्यायचे आणि मध्यंतरात मुलांच्या हट्टावर वसुली करायची, माझा आक्षेप या पद्धतीला आहे.

बासी ईदला आमच्याकडची कुटुंबेच्या कुटुंबे सिनेमाला निघतात. सहा माणसे, त्यातली चार मुले, नव्या कपड्यांत, ईदी मुठीत. त्या बापाला "खाऊ नका" म्हणणाऱ्याने एकदा मध्यंतरात त्याच्या शेजारी उभे राहावे.

तोवर आत गेल्यावर निदान फुकटचे पाणी कुठे आहे ते विचारा, मोठ्याने विचारा. ते देणे त्यांना बंधनकारक आहे.