शेवटचं शॉपिंग

नवा मोबाइल घ्यायचा तर आपण काय काय करतो? चार दुकानं फिरतो, रिव्ह्यू वाचतो, ऑफिसातल्या त्या एका 'एक्स्पर्ट'ला चहा पाजतो आणि मग सेलची वाट बघत बसतो. पण घरातलं माणूस गेलं की त्याच्या अस्थी कशात ठेवायच्या, हे पाच मिनिटांत ठरतं. तेही आपण ठरवत नाही. सोसायटीतले कुणीतरी अनुभवी काका बांबू, कापड, मडकं सगळं एकदमच घेऊन येतात. (असे काका प्रत्येक सोसायटीत असतात, देव त्यांना उदंड आयुष्य देवो.) तिसऱ्या दिवशी सावडायला गेलं की गुरुजी सांगतील तसं गोळा करायचं, मडक्याच्या तोंडाला फडकं बांधायचं आणि निघायचं.

यात वाईट काहीच नाही. ज्या घरची मंडळी दहाव्याच्या आत नाशिकला किंवा आळंदीला जाऊन येणार आहेत, त्यांना मडक्यासारखं दुसरं भांडं नाही. परदेशात हल्ली मिठाचे, वाळूचे, कागदाच्या लगद्याचे 'इको-फ्रेंडली' कलश मोठ्या कौतुकानं विकतात. आपल्या कुंभारानं तो प्रश्न केव्हाच सोडवून ठेवलाय. फक्त आतली प्लॅस्टिकची पिशवी नदीत सोडू नका, प्लीज.

खरी पंचाईत होते ती कुणीतरी हळूच "थोडंसं ठेवूया का?" असं म्हणालं की.

माझ्या एका मैत्रिणीच्या घरी हे झालं. ती हिंजवडीत नोकरीला, भाऊ न्यू जर्सीत. वडील गेले आणि भाऊ घरी पोचेपर्यंत चौथा दिवस उजाडला. आल्या आल्या त्यानं विचारलं, "बाबांचं थोडं मला नेता येईल?" आत्या ताडकन म्हणाली, "अरे, भाजीचा वाटा आहे का तो? अस्थी घरात ठेवत नाहीत. जीव अडकतो." मैत्रीण आत्याच्या बाजूनं. दीड वर्ष हॉस्पिटलच्या खेपा तिनं घातलेल्या, आणि आता हा विमानातून उतरून वाटा मागतोय, असं तिला वाटलं. भाऊ एवढंच म्हणाला, "तुला निदान शेवटचं बघायला तरी मिळालं." दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलेना. मडकं तोवर स्मशानातल्या लॉकरमध्ये.

शेवटी आई उठली. बाबांची सुपारीची पितळी डबी तिनं रिकामी केली, चिंचेनं घासली, पुसून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "यात मावेल तेवढं त्याला द्या. बाकी सगळं गोदावरीत." डबीत मावणार किती? दोन चमचे. पण किती, कुणाला, कशात, या तिन्ही भांडणांचा निकाल तिनं एका डबीत लावला. आत्याला हे पटलेलं नाही, अजूनही नाही. दर पितृपक्षात ती भाच्याला फोन करते, "सोडलंस की नाही?" तो म्हणतो, "बघतो."

आता आत्या बरोबर की भाचा? आत्याच्या मागे शेकडो वर्षांचा रिवाज आहे. अस्थी उंबऱ्याच्या आत आणायच्या नाहीत, लगेच जमत नसेल तर झाडाला बांधून ठेवायच्या, हे आपल्याकडे आजही पाळतात. पण भाच्याची बाजूही काही अमेरिकेतून इम्पोर्ट झालेली नाही. बुद्धाच्या अस्थींवरून राजांमध्ये लढाईची वेळ आली, तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणानं त्यांचे आठ वाटे करून दिले, असं बौद्ध परंपरा सांगते. आणि स्वतःसाठी काय मागितलं? ज्यानं वाटे मोजले ते भांडं! त्यावर त्यानं स्तूप बांधला. भांडंसुद्धा आठवण होऊ शकतं, हे तेव्हापासूनचं. नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि दादरच्या चैत्यभूमीवर डॉ. आंबेडकरांच्या अस्थी जपलेल्या आहेत, आणि तिथे दरवर्षी लोटणाऱ्या गर्दीला कुणी 'जीव अडकेल' असं सांगायला जात नाही. तिकडे कॅथलिक चर्चही आत्याबाईंच्याच पक्षात होतं. रक्षा घरात ठेवू नये, वाटून घेऊ नये, तिचे दागिने करू नयेत, असं व्हॅटिकननं २०१६ मध्ये बजावलं. डिसेंबर २०२३ मध्ये मात्र त्यांनीही थोडी ढील दिली. त्या माणसाच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या जागी अगदी थोडा अंश ठेवायला हरकत नाही, असं सांगितलं. म्हणजे आत्या आणि भाचा रोममध्येही आहेत तर.

मला विचाराल तर ठेवावं की नाही हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की तुमच्यानंतर हे कोण बघणार? कारण रक्षा कुठे जात नाही, माणसं जातात. गांधीजींच्या अस्थींचा एक कलश कटकच्या स्टेट बँकेच्या तिजोरीत जवळजवळ पन्नास वर्षं पडून होता. १९४८ मध्ये गेलेल्या माणसाचं ते विसर्जन ३० जानेवारी १९९७ला अलाहाबादच्या संगमावर झालं, तेही तुषार गांधींनी पाठपुरावा केल्यावर. आणखी एक कलश दुबईतल्या एका व्यावसायिकाच्या घराण्याकडून मुंबईच्या मणिभवनात आला आणि २००८ मध्ये गिरगाव चौपाटीवर समुद्रात सोडला गेला. गांधीजींच्या बाबतीत शोधायला कुणीतरी होतं. आपल्या माळ्यावरच्या डब्याचं काय? पंचवीस वर्षांनी फ्लॅट विकताना सून तो उघडून बघेल आणि म्हणेल, "हे कसलं पावडर?"

याउलट श्यामजी कृष्णवर्मांचा पक्का हिशेब बघा. १९३० मध्ये ते जिनिव्हात वारले. आपल्या अस्थी स्वतंत्र भारतातच जाव्यात म्हणून तिथल्या सेंट जॉर्ज दफनभूमीत त्या शंभर वर्षं सांभाळण्याची व्यवस्था त्यांनी पैसे आगाऊ भरून केलेली होती. २००३ मध्ये त्या भारतात आल्या. त्र्याहत्तर वर्षं! कुठे, किती काळ, कशासाठी, सगळं लिहून ठेवलेलं. कलश कसा दिसतो याला त्यात काडीचं महत्त्व नव्हतं.

तर आधी मुदत ठरवा, भांडं मग. भाऊ येईपर्यंतचे आठ दिवस की वर्षश्राद्धापर्यंत की कायमचं, यावर सगळं अवलंबून. दहा दिवसांसाठी नक्षीदार चांदीचा कलश घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी, आणि कायमसाठी फडक्यानं बांधलेलं मडकं म्हणजे पहिल्याच साफसफाईत अपघात.

मापाचं गणित सोपं आहे. पाश्चात्त्य बाजारात मोठ्या माणसाचा कलश साधारण २०० घन इंचांचा असतो, म्हणजे सव्वातीन लिटर. (आपल्या भाषेत, तीन लिटरच्या कुकरपेक्षा जरासा मोठा.) भट्टीतल्या दहनानंतर मोठ्या माणसाची रक्षा दोन ते तीन किलो भरते, लाकडाच्या चितेत लाकडाची राख मिसळते म्हणून ढीग मोठा दिसतो. पण ऑनलाइन कलश मागवताना एक गोची होते. तिकडे दहनानंतर हाडं यंत्रात दळून वाळूसारखी भुकटी करून देतात, त्यामुळे त्यांच्या सुबक अर्नची तोंडं अरुंद असली तरी चालतात. आपल्याकडे सहसा कुणी दळत नाही, हाडांचे तुकडे तसेच मिळतात. ते अरुंद गळ्यातून जात नाहीत, आणि अशा वेळी चमच्यानं ढोसत बसण्याची पाळी कुणावर येऊ नये. भांडं घ्या ते आत हात जाईल एवढ्या तोंडाचं. लॉकेटसाठी वगैरे खालची बारीक राखच चिमूटभर बाजूला काढायची.

दुसरी गोष्ट, सावडताना पाणी, दूध शिंपडतात, म्हणजे रक्षा ओलसर असते. तशीच डबीत बंद केली तर तांब्या-पितळेवर हिरवट डाग पडतात. आधी कागदावर पसरून सावलीत पूर्ण वाळू द्या. स्टेनलेस स्टील, चिनी माती, काच यांना हा त्रास नाही. दिसायला स्टीलचा डबा 'डबा'च दिसतो हे खरं, पण आपल्यापैकी निम्म्या लोकांचं बालपण तशाच डब्यातल्या लाडवांवर गेलंय. आईसाठी तिच्याच फडताळातला डबा वापरला तर बिघडलं कुठे?

विमानातून न्यायचं असेल तर धातू टाळा. एक्स-रेमध्ये धातूच्या डब्याच्या आतलं दिसत नाही, आणि अमेरिकेतले सिक्युरिटीवाले घरच्यांनी विनवलं तरी असा डबा उघडत नाहीत. दिसलं नाही तर सोडतही नाहीत. लाकूड किंवा प्लॅस्टिक चालतं. मृत्यूचा आणि दहनाचा दाखला हातातल्या बॅगेत ठेवा, एअरलाइनला आधी फोन करा. त्या भावानंही प्रवासापुरती रक्षा छोट्या लाकडी डबीत काढून घेतली, आणि पितळी डबी रिकामीच सूटकेसमध्ये टाकली.

आता हौसेचा मामला. बाजारात काय नाही? काचेच्या मण्यात रक्षा, रेझिनच्या पेंडंटमध्ये रक्षा, अंगठीत रक्षा. आधुनिक फ्रिस्बी घडवणारे एड हेड्रिक २००२ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार रक्षा मिसळून फ्रिस्बीच बनवल्या गेल्या. प्रिंगल्सचा तो उभा डबा बनवणारे फ्रेडरिक बाउर २००८ मध्ये वारले, तर त्यांच्या मुलांनी रक्षेचा काही भाग प्रिंगल्सच्याच डब्यात घालून पुरला. हसू येतं, पण मला यात सुपारीच्या डबीचंच लॉजिक दिसतं. माणूस ज्या वस्तूत आयुष्यभर होता, त्यातच तो थोडा राहिला.

रक्षेपासून हिरा करून देणाऱ्या कंपन्यांबाबत मात्र मी जरा खडूस आहे. हिरा म्हणजे कार्बन, आणि दहनानंतर उरतं ते मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. कार्बन बहुतेक सगळा ज्वाळेत गेलेला असतो. उरलेल्यातून तो काढतात, प्रचंड दाब आणि उष्णता देतात, काही महिने थांबा म्हणतात, बिल लाखांत येतं. त्या हिऱ्यात आपलं माणूस नेमकं किती, हे लेखी मागा. मिळालं तर बघू.

झाडाखाली घालायचा विचार असेल (गावाकडे अनेक कुटुंबं आता नदीऐवजी शेतात रक्षा घालून रोप लावतात, मला हे मनापासून आवडतं) तर सगळी राख एकाच खड्ड्यात नको. ती अल्कधर्मी असते, कोवळी मुळं जळतात. भरपूर मातीत मिसळा, उरलेली शेतभर पसरा. बाबांच्या नावाचा आंबा पहिल्याच उन्हाळ्यात वाळला तर घरात त्याचे भलतेच अर्थ निघतात.

आणि हे सगळं विचारायचं कधी? आई-बाबा धडधाकट असताना, रविवारी, चहाबरोबर. "तुमच्या अस्थी" असं सुरू करायची गरज नाही. त्यांच्या आई-वडिलांच्या वेळी काय केलं होतं, एवढं विचारा. पुढचं ते आपणहून सांगतात. एका कलीगच्या बाबांनी लगेच सांगून टाकलं, "मला नाशिकला नेऊ नका, पार्किंग मिळत नाही." घरात सगळे हसले, आणि त्यांचं गाव, नदी, घाट, सगळं तेवढ्यात ठरलं.

ठेवायची डबी विकत घ्यायचीच असेल तर पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत जा. ठोक्याच्या कामाची, घट्ट झाकणाची, हव्या त्या मापाची डबी सांगून करून घेता येईल. घरी आणल्यावर एक काम करा. लग्नातल्या भांड्यांवर पूर्वी नावं घालून घ्यायचे, तसं डबीच्या बुडावर नाव आणि तारीख घालून घ्या, म्हणजे पंचवीस वर्षांनी सुनेला पावडर कसलं ते कळेल. टकटक करत नावं घालणारे भांड्यांच्या दुकानांतून अजून सापडतात. ते शुद्धलेखन दोनदा विचारतात. बाकी काही विचारत नाहीत.