आधी गाडी बांधा, मग चहा

गोवंडीहून दुचाकीवर अलिबागला निघायचं, तर गोची घराजवळच सुरू होते. पांजरापोळचा बोगदा हाकेच्या अंतरावर, पण ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकीला बंदी. २०२४ साली खुल्या झालेल्या अटल सेतूवरही तीच गत. उरते पनवेल-पेण-वडखळची कंबर मोडणारी वाट, नाहीतर खालच्या रस्त्यानं भाऊचा धक्का गाठून मांडव्याची रो-रो. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली ही बोट साधारण तासाभरात पलीकडे पोचवते. पण गाडी लावली रे लावली की आपण वर चहाला पळतो! न्यूट्रलमधली गाडी बोट हलताच स्टँडवरून पुढं सरकते. म्हणून इंजिन बंद करून पहिला गिअर टाकायचा, साइड स्टँड पुरता बाहेर काढायचा. पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबची पट्टी आणून पुढच्या ब्रेकचा लिव्हर मुठीला आवळून बांधला, की पुढचं चाकही जागचं हलत नाही. पावसाळ्यात लाटा उसळत असतील, तर पट्टाही हवा. तो रबरी मुठींना अडकवायचा नाही. दोन्ही बाजूंनी सारखा ओढायचा, पुढचे शॉकअप थोडे दबले की पुरे. एकाच बाजूनं ताणलात, तर गाडी तिकडेच कलंडायची. दाभोळ-धोपाव्याच्या छोट्या फेरीत गाडीवर बसून, ब्रेक दाबून निभावतं. इथं तासभर कोण बसणार? तेव्हा लाजू नका, बोटीवरच्या माणसाकडे पट्टा मागा. शेजारच्याची गाडी आपल्या गाडीवर पडली, तर भांडून आरसा परत येत नाही.